परसातली शेड: आधी काम मोजा, मग जागा, मग पैसा



लूककृत शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायात, २८ ते ३० या वचनांत, प्रभू येशूने बुरूज बांधू इच्छिणाऱ्या माणसाचे उदाहरण दिले आहे. शहाणा माणूस आधी बसतो, खर्चाचा अंदाज काढतो आणि काम तडीस नेण्याइतके आपल्याजवळ आहे का ते पाहतो. तसे न करणाऱ्याचा पाया घालून होतो, पुढचे काम अडते आणि पाहणारे हसतात. हे उदाहरण शिष्यत्वाची किंमत समजावण्यासाठी आहे, हे आपण जाणतो. तरी ते बांधकामाचेच आहे, आणि आपल्या सेवाकार्यात बांधकामाचा प्रश्न वारंवार येतो. म्हणून या अंकाचा अभ्यासपाठ मी एका साध्या विषयावर लिहीत आहे: घरामागच्या परसात कामाची शेड बांधायची असेल, तर ती केवढी, कुठे आणि किती खर्चाची असावी?

मी नोकरीत असताना बांधकामांवर देखरेख करीत असे. निवृत्तीनंतर पालघर जिल्ह्यातल्या जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतील पाड्यांवर जातो आणि ज्या कुटुंबांना शेड बांधायची आहे त्यांच्यासोबत बसून आराखडा करतो. मंडळीतील बंधुभगिनी मला भेटले की बहुधा पहिला प्रश्न असतो, "एका शेडला किती पाठवायचे?" त्याचे उत्तर देण्याआधी तीन गोष्टी कळाव्या लागतात, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी काम, मग जागा, शेवटी पैसा. हा क्रम उलटला की काय होते, ते त्या रस्त्यांवर दिसते. गुडघाभर उंचीच्या भिंती, त्यांत उगवलेला टाकळा, आणि मालक पुन्हा वीटभट्टीवर गेलेला.

शेडमुळे काय बदलते

या भागात वारली, कोकणा, क ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी समाजाची वस्ती आहे. पावसाळ्यात भात, नागली आणि वरई. दिवाळी झाली की अनेक कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. बऱ्याच वेळा भट्टीवाल्याकडून आधीच उचल घेतलेली असते. म्हणून जावेच लागते, आणि मुलांची शाळा मध्येच सुटते.

ज्या वारली कुटुंबाचे उदाहरण या पाठात मी घेणार आहे, ते बांबूचे काम करते. घरातला कर्ता पुरुष खुर्च्या आणि तिवया बनवतो. त्याची बायको, आई आणि भावजय टोपल्या, सुपे आणि आकाशकंदील विणतात. उन्हाळ्यात हे काम झाडाखालीही होते. अडचण पावसाळ्यात येते. आवणी, म्हणजे भाताची लावणी, संपली की श्रावण-भाद्रपदात हातांना थोडी सवड मिळते, आणि गणपती-दिवाळीचा बाजार तेव्हाच समोर असतो. पण त्या दिवसांत ओसरीवर पाणी येते, बांबूला बुरशी धरते आणि ड्रिल मशीन बाहेर काढता येत नाही. कोरडे छप्पर असेल तर त्या दोन-अडीच महिन्यांत माल तयार होतो, दिवाळीला पैसा हाती येतो आणि उचल घ्यावी लागत नाही. शेडचा खरा उपयोग हा आहे. आकार, जागा आणि खर्च या तिन्ही गोष्टी ठरवताना आम्ही याच उपयोगाशी ताडून पाहिले.

पहिला भाग: काम मोजा

या कुटुंबाने प्रथम मागितली ती २० फूट बाय ३० फुटांची शेड, म्हणजे ६०० चौरस फूट. दुसऱ्या पाड्यावर तेवढी एक पाहिली होती, म्हणून. मी हो किंवा नाही म्हणालो नाही. आम्ही खळ्यावर राखेने तेवढा चौकोन आखला आणि दोन दिवस सगळ्यांनी आपले रोजचे काम त्या रेषांच्या आत केले. तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून पाहिले की पाय कुठे पडले, माल कुठे ठेवला आणि कोणत्या कोपऱ्यात कुणी फिरकलेच नाही. आराखड्याची ही सर्वांत स्वस्त पद्धत आहे. एक टोपली राख पुरते.

आकार ठरवताना चार मापे घ्यावीत.

१. सर्वांत लांब कच्चा माल. इथे २० फुटांचा बांबू. तो आडवा धरून कापायचा म्हणजे शेड २४ फूट लांब हवी, असे वाटते. पण कापणी-टेबलाच्या उंचीवर, टेबलाच्या रेषेत, भिंतीला फूट-दीड फुटाची झडप ठेवली तर बांबूचे टोक बाहेर जाते आणि १६ फुटांत काम भागते. आठ फूट छप्पर आणि भिंत वाचते, ती एका झडपेमुळे.

२. सर्वांत मोठा तयार माल. दोन माणसांचा बांबूचा सोफा पाच फूट लांब आणि अडीच फूट रुंद होतो. तो तिरका न करता बाहेर काढायचा, म्हणून दार चार फुटांचे, दोन फळ्यांचे.

३. माणसाचे शरीर. उभे राहून काम करणाऱ्याला टेबलासमोर तीन फूट मोकळे लागतात. खाली बसून विणणारीला बांबूच्या पट्ट्या दोन्ही बाजूंना हलवता याव्यात म्हणून सुमारे पाच फूट लांब, पाच फूट रुंद जागा लागते. हे माप कागदावर बसून कळत नाही, त्यांच्याशेजारी बसून घ्यावे लागते. पुष्कळ आराखड्यांत टेबले असतात, मशिनी असतात, पण खाली बसून काम करणाऱ्या बायांची जागाच नसते. मग त्या दारात बसतात आणि येणारे-जाणारे त्यांना ओलांडून जातात.

४. साठवण. कच्चा बांबू जमिनीला टेकू नये. भिंतीलगत दोन फूट रुंदीची मांडणी, आणि तयार मालासाठी वर माळा.

ही मापे मांडल्यावर आतली खोली १२ फूट बाय १६ फूट ठरली आणि तिच्या पूर्वेला सहा फूट रुंद, १६ फूट लांब पडवी. खोलीत कापणे, भोके पाडणे, जोडणे. पडवीत तिघी जणी मोकळेपणी बसून विणतात. एकूण २८८ चौरस फूट, म्हणजे पहिल्या मागणीच्या निम्म्यापेक्षा कमी. हे कुणी त्यांच्यावर लादले नाही, राखेवरच्या पावलांवरून त्यांनीच ठरवले.

१२ बाय १६ या मापाचा आणखी एक फायदा आहे. त्याचा कर्ण बरोबर २० फूट येतो. आखणी करताना २० फुटांचा सरळ बांबू एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात टाकावा, मग दुसरी जोडी पाहावी. दोन्हीकडे टोके नेमकी जुळली तर चारही कोपरे काटकोनात आहेत. पाया वाकडा पडला की पत्रे सरळ बसत नाहीत, आणि त्याची किंमत शेवटी छपराला मोजावी लागते.

वाढीची सोयही आत्ताच करावी. खांब दर आठ फुटांवर ठेवले, म्हणजे तीन ओळींत तीन-तीन, एकूण नऊ. उत्तरेकडे आठ फूट जागा मोकळी सोडली. पुढे काम वाढले तर तीन खांब उभे करून आणखी एक गाळा जोडता येईल. आज लागत नाही ते आज बांधायचे नाही, पण उद्याची वाटही अडवायची नाही.

दुसरा भाग: जागा चालून पाहा

नहेम्या यरुशलेमेस पोहोचला तेव्हा त्याने लगेच सभा बोलावली नाही. थोडी माणसे घेऊन तो रात्री बाहेर पडला आणि पडलेल्या तटाची स्वतः पाहणी केली. लोकांशी तो नंतर बोलला (नहेम्या अध्याय २). परसातली जागाही अशीच पाहावी, एकदा दुपारी, एकदा संध्याकाळी, आणि शक्य असेल तर एकदा पावसात. पावसाळा नसेल तर घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारावे, "आजी, आषाढात पाणी कुठून येते?" आमच्या उदाहरणात आजींनी काठीने जी रेघ ओढून दाखवली, ती नेमकी मुलाने निवडलेल्या जागेतून जात होती. जागा पंधरा पावले वर सरकवली.

पाहण्याच्या गोष्टी अशा:

पाणी. जव्हार-मोखाड्यात अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. उतारावर वरच्या बाजूने येणारे पाणी वळवायला शेडच्या मागे चर काढावा, आणि जोते आजूबाजूच्या जमिनीपासून किमान दीड फूट उंच घ्यावे.

वारा. पाऊस नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून मारतो. म्हणून पश्चिमेची बाजू बुटकी आणि बंद, पूर्वेची उंच आणि उघडी. पश्चिमेला आठ फूट आणि पूर्वेला अकरा फूट उंची ठेवली की छपराला चांगला उतार मिळतो. पूर्वेला पडवीचे छप्पर नऊ फुटांवर जोडायचे. त्याच्या वरच्या दोन फुटांत जाळी ठेवली की सकाळचा उजेड थेट टेबलावर येतो आणि दिवसा दिवा लावावा लागत नाही.

आग. बांबूचा भुसा आणि कतरण पटकन पेट घेते. चुलीचा धूर आणि ठिणग्या जिथे जातात तिथून दूर, घरापासून आठ-दहा पावलांवर शेड असावी. त्यापेक्षा फार लांब नको, कारण पाळण्यातले मूल रडले तर आईला ऐकू आले पाहिजे.

विहीर. किडीपासून वाचवण्यासाठी बांबू बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात काही दिवस भिजवतात. त्यासाठी आठ फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल टाकी लागते. ही टाकी विहिरीपासून आणि भाजीच्या वाफ्यापासून लांब, उताराच्या खालच्या बाजूला आणि झाकणाची हवी. शेळ्या आणि कोंबड्या ते पाणी पिणार नाहीत, अशी.

रस्ता. टेम्पो जिथे थांबतो तिथून शेडपर्यंत २० फुटांचा बांबू खांद्यावर घेऊन चालून पाहावे. कोपऱ्यावर तो वळतो का? कुडाच्या भिंतीला घासतो का?

झाडे. मोहाचे झाड आड येते म्हणून तोडू नये. त्याची फुले आणि बिया हे घरचे उत्पन्न आहे. पण जुन्या झाडाच्या वाळक्या फांदीखाली शेडही बांधू नये.

कागद. शेड ज्या जमिनीवर उभी राहणार ती कुणाच्या नावावर आहे, हे आधी पाहावे. गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीकडे अर्ज करून बांधकामाची परवानगी घ्यावी आणि नंतर नमुना आठमध्ये नोंद करून घ्यावी. सातबाऱ्याची जमीन असेल तर भावांची संमती लेखी घ्यावी. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेला प्लॉट असेल तर तो हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे असतो. तो वारसांना जातो, पण विकता येत नाही आणि दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. तिथे काही उभारण्याआधी विषय ग्रामसभेत ठेवावा. देणगीदारांनी एवढे लक्षात ठेवावे की शेड त्या कुटुंबाची असते आणि तिच्या कागदावर संस्थेचे नाव येण्याचे कारण नाही.

तिसरा भाग: बसून हिशेब करा

आकार आणि जागा ठरल्यावर सामानाची यादी करता येते. दर नंतर, आधी नग. जोत्याची भर मोजू: खोली १२ × १६ × दीड फूट म्हणजे २८८ घनफूट, पडवीचे जोते एक फूट धरले तर आणखी ९६, मिळून जवळजवळ चार ब्रास. मुरूम ठोकल्यावर बसतो, म्हणून पाच ब्रास मागवावा. पत्रे आठ फुटांचे: मोठ्या छपराला सहा-सहाच्या दोन ओळी, पडवीला एक, एकूण अठरा. खोलीची जमीन चार इंच काँक्रीटची, एकास दोनास चार मिश्रणाची केली तर साधारण बारा गोण्या सिमेंट. अशी यादी हातात घेऊन जव्हारच्या बाजारात दोन-तीन दुकानांत दर विचारता येतात. "शेडला किती घ्याल?" असे विचारले तर प्रत्येक जण वेगळाच आकडा सांगतो, आणि त्यांची तुलना होत नाही.

भिंतींवर खर्च वाचवता येतो. या भागात कारवीच्या काड्यांच्या कुडाला शेण-माती लिंपून भिंत करण्याची रीत आहे आणि ती घरच्यांना उत्तम येते. खाली तीन फूट दगडी भिंत, वर कूड, आणि पश्चिमेला लांब पागोळी. अशी भिंत हलकी असते आणि उन्हाळ्यात पत्र्याखालीही आतला उकाडा कमी जाणवतो. ओल लागली तर घरचीच माणसे पुन्हा लिंपतात.

आता पैसा. समजा, हाती दीड लाख रुपये आहेत. पुढचे आकडे नमुन्यादाखल आहेत. तुमच्या बाजाराचा दर घालून ते बदलावेत, पण रकाने तेच ठेवावेत.

जोते आणि पाया, मजुरीसह: ३२,००० रुपये
खांब आणि छपराचा सांगाडा: ३०,००० रुपये
पत्रे, हूक, स्क्रू: २०,००० रुपये
भिंती, दार, झडपा, जाळी: १२,००० रुपये
काँक्रीटची जमीन: १०,००० रुपये
वीज: ९,००० रुपये
टेबल, मांडणी, भिजवणीची टाकी: १२,००० रुपये
वाहतूक: ७,००० रुपये
राखीव: १८,००० रुपये
एकूण: १,५०,००० रुपये

यातल्या चार रकान्यांविषयी सांगायला हवे.

राखीव रक्कम म्हणजे शिल्लक राहिलेले पैसे नव्हेत. पायात खडक लागतो, टेम्पोची एक फेरी जास्त होते, पत्र्याचा भाव वाढतो. छप्पर चढेपर्यंत या पैशाला हात लावायचा असेल तर घरातल्या सर्वांनी बसून ठरवावे. छप्पर चढल्यावर जे उरेल ते पहिल्या हंगामाच्या बांबूसाठी वापरावे. इमारत पूर्ण आणि कच्चा माल आणायला पैसा नाही, अशी शेडही अर्धवटच म्हणायची.

मजुरीत घरच्या माणसांची मजुरी धरावी. आपल्या मंडळ्यांत श्रमदानाची चांगली परंपरा आहे, आणि म्हणून आपण सहज म्हणतो, "भरणी तर घरचेच करतील." पण बांधकामाच्या वर्षी घरातला कर्ता माणूस भट्टीवर जात नाही. त्या दिवसांची मजुरी बुडते आणि चूल तर रोज पेटवावी लागते. ती मजुरी हिशेबात नसेल तर कुटुंब उचल घेते, आणि जिच्यातून सुटण्यासाठी शेड बांधायची तीच उचल शेडमुळे डोक्यावर येते. मिस्त्रीच्या मदतनिसाला जे देतो तेच घरच्यालाही द्यावे. मग त्यातून कुणी एक-दोन दिवस आनंदाने अर्पण केले तर ती त्यांची देणगी. आपण ती गृहीत धरू नये.

विजेत काटकसर नको. अनुवादाच्या २२ व्या अध्यायात, ८ व्या वचनात, नवे घर बांधणाऱ्याने छताला कठडा करावा अशी आज्ञा आहे, म्हणजे कुणी पडून मरू नये. आपल्या शेडचा कठडा म्हणजे चांगले अर्थिंग, करंट गळला की लगेच बंद होणारे ब्रेकर, आणि मशीनच्या प्लगला जाडी पुरेल अशी वायर. ओल्या पायांनी आणि ओल्या बांबूवर काम करणाऱ्या घरात या गोष्टी जीव वाचवतात. ज्या दिवशी पहिले मशीन लागेल त्याच्या आधी हे काम पूर्ण असावे.

हूक आणि स्क्रूंमध्येही काटकसर नको. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाच्या वाऱ्यांनी पालघर जिल्ह्यात घरांचे नुकसान केले, हे आपल्याला आठवत असेल. वारा पत्र्याला खालून उचलतो. कडेच्या ओळीत जास्त हूक आणि खांब पायात नीट रोवलेले, याचा खर्च थोडा आणि उपयोग मोठा.

पैसा कमी पडत असेल तर काय थांबवावे, हेही आधीच लिहून ठेवावे. पडवी पुढच्या वर्षी होऊ शकते. काँक्रीटऐवजी चोपलेली, शेणाने सारवलेली जमीन चालते. कूड हळूहळू भरता येतो. पण जोत्याची उंची, खांब, छपराची पकड आणि अर्थिंग यांत कपात करायची नाही. चार खोल्यांचा पाया घालून थांबण्यापेक्षा एका खोलीवर छप्पर असलेले बरे.

शेवटी एक ताळा करून पाहावा. एका खुर्चीमागे बांबू, स्क्रू आणि हातांची मजुरी वजा जाता समजा ३०० रुपये राहतात. दीड लाखाची शेड म्हणजे ५०० खुर्च्या. याच दराने ६०० चौरस फुटांची शेड तीन लाखांच्या वर जाते, म्हणजे हजाराहून जास्त खुर्च्या. पैसा देणगीचा असला तरी हा ताळा करावा. मोठ्या छपराची डागडुजी, मोठ्या जागेचे दिवे, मोठ्या आवाराची झाडलोट, सगळे त्याच दोन हातांना पुढची वीस वर्षे करायचे असते. या कुटुंबातल्या भावजयीने हा हिशेब ऐकला आणि म्हणाली, "मग राखेचीच बरी होती ती मोठी शेड." सगळे हसले, आणि आकाराची चर्चा तिथे संपली.

कामाचा क्रम

जव्हार-मोखाड्यात पावसाळा मोठा, पण एप्रिलपर्यंत अनेक विहिरींचा तळ दिसू लागतो आणि बायांना हंडे घेऊन लांब जावे लागते. सिमेंटच्या कामावर आठ-दहा दिवस पाणी मारावे लागते. ते काम एप्रिल-मेमध्ये काढले तर पिण्याचे पाणी बांधकामावर जाते आणि ते वाहून आणणारी डोकी घरातल्या बायांचीच असतात. म्हणून पाया, जोते आणि जमीन डिसेंबर-जानेवारीत पूर्ण करावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये सांगाडा आणि छप्पर, एप्रिल-मेमध्ये कूड, दार, वीज आणि टेबल. मृग नक्षत्र लागते त्याआधी चर काढून झालेला असावा. बांबूची तोडही थंडीत केलेली बरी, तेव्हा त्याला कीड कमी लागते. म्हणजे शेड उभी राहीपर्यंत पहिला माल वाळून तयार असतो.

याचा अर्थ असा की देणगीही वेळेवर हवी. मार्चअखेरीस आलेले पैसे चांगलेच, पण पायासाठी ते उशिरा पोहोचतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रक्कम कळली तर दिवाळीआधी कुटुंबाला भट्टीची उचल नाकारता येते.

आपण, देणारे

बंधुभगिनींनो, देणाऱ्यांच्या काही चांगल्या इच्छा कामाला जड जातात. कुणाला पक्का स्लॅब द्यावासा वाटतो. त्याच पैशात पत्र्याची शेड, साधने आणि दोन वर्षांचा कच्चा माल होतो. कुणी कारखान्यातले जुने मशीन पाठवतात. ते थ्री-फेजवर चालणारे असते आणि घरात सिंगल-फेज वीज. मशीन कोपऱ्यात गंजते आणि वर ते झाकायला जागा लागते. कुणाला दारावर नावाची पाटी हवी असते. अशा वेळी त्या घरच्या माणसांच्या डोळ्यांनी पाहावे: रोज आपल्याच शेडमध्ये जाताना दुसऱ्याचे नाव वाचावे लागणे.

त्याऐवजी ज्या रकान्याला कुणी विचारत नाही तो आपण उचलावा. राखीव रक्कम, अर्थिंग, घरच्यांची मजुरी, बांबू ठेवायची मांडणी. यांचा फोटो चांगला येत नाही, पण शेड यांच्यामुळे चालते. आणि पैसे पाठवण्याआधी त्या कुटुंबाचा राखेचा आराखडा झाला आहे का, तेवढे जरूर विचारावे.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीने गेल्या पाच वर्षांत ज्या बांधकामाला मदत केली, तिथे आज रोज कोणते काम होते? आपल्यापैकी कुणी तिथे जाऊन पाहिले आहे का?

२. नहेम्याने आधी पाहणी केली आणि मग तो बोलला. मदत देताना आपण आधी काय करतो?

३. आपल्या गटाला एका शेडचा हिशेब दिला तर आपण कोणता रकाना निवडू? का?

४. आपल्याच चर्चच्या आवारातली एक खोली घ्या. राखेऐवजी खडूने रेषा आखा आणि एक रविवार तिथे कोण किती वेळ बसते ते पाहा. खोली केवढी हवी होती?

प्रार्थनेसाठी: या हंगामात ज्या कुटुंबांनी भट्टीची उचल न घेता गावात राहण्याचे ठरवले आहे, त्यांच्या घरी मृगापर्यंत धान्य पुरावे, मुले शाळेत टिकावीत आणि छपराचे काम वेळेत व्हावे, यासाठी आपण प्रार्थना करू.